डावीकडचं रबर

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या भिंतीला टेकून
इलाही मुजावरचं गॅरेज.
चार घोड्यांवर उचललेली
आप्पाकाकांची दोन सिटांची गाडी.
लाल होती म्हणे. आता भाजक्या विटेची.

काका गेल्यावर वाटणीत तिला कुणी विचारलं नाही.
चुलतभाऊ म्हणाला, हिच्यात माणसं मावत नाहीत
आणि वैरणही मावत नाही.
मी घेतली.
पहिल्याच खड्ड्यात, सायबर चौकाच्या अलीकडे,
खालून असा आवाज आला
की कुणी भांडी कपाटात कोंबून
पाठीनं दार लावतंय.

इलाही गोणपाटावर उताणा.
लोअर आर्मखाली टॉमी घातली, उचकटली:
"बघा, पडायला आलेल्या दातागत हलतंय."
बॉल जॉइंट गेलेले, शॉकअपमधलं तेल बाहेर,
आणि बुश, म्हणजे ज्यावर सगळं तोललेलं असतं
ते अंगठ्याएवढं रबर, चारही ठिकाणी संपलेलं.
कंपनी कधीच बंद पडली. पार्ट मिळत नाही.
पण उद्यमनगरात "मिळत न्हाई" याचा अर्थ
"परवा सांजच्याला या" असा होतो.

म्हणून सातगोंडा चौगुले.
चष्म्याच्या काडीला दोरा, लेथला झेंडूची सुकली माळ.
व्हर्नियरनं माप घेतो, तळहातावर बॉलपेननं लिहितो,
जेवायला हात धुण्याआधी वहीत उतरवतो.
प्रेसखालून निघालेली जुनी रबरं
त्यानं पेपरवर मांडली. दोन उजवीकडची, दोन डावीकडची.
उजवीकडची चपटी. ठीकच, काका चांगले नव्वद किलो.
डावीकडचं एक त्यानं उचललं,
उजेडाकडं धरून बराच वेळ फिरवलं.

"शेजारी कोण बसत हुतं?"

कुणी नाही. काका एकटेच.
लग्न नाही, बँकेतली नोकरी,
दर महिन्याचा दुसरा शनिवार,
सकाळी थर्मास घेऊन गगनबावड्याच्या रस्त्याला.
आम्ही म्हणायचो, हवा खायला.

इलाही गाडीखालूनच म्हणाला,
"तसलं काय न्हाई. डावी बाजू कडंची.
उसाची ट्रॉली आली की साइडपट्टीवर उतराय लागतंय.
खड्डं सगळं तिकडंच."

"खड्ड्यानं रबर फाटतंय," सातगोंडा म्हणाला.
"ह्ये फाटल्यालं न्हाई.
ह्ये बसलंय."

आणि लेथ चालू केला. पुढचं ऐकू आलं नाही.

रात्री आई वाटाणे सोलत होती.
विचारलं, काकांच्या थर्मासमध्ये किती चहा भरायचीस?
"चार कप," म्हणाली.
एक शेंग हातात तशीच राहिली थोडा वेळ.
मग तीही सोलली.

परवा संध्याकाळी नवी रबरं बसली, काळीभोर,
टायरच्या दुकानासारखा वास.
बोल्ट इलाहीनं नुसते हातानं फिरवून सोडले.
मी म्हटलं, आवळ की.
"हवेत आवळायचं नसतंय. चाकं खाली टेकू द्या,
भार अंगावर येऊ द्या, मग आवळायचं.
लोंबकळताना आवळलं तर रबर जल्माचं पिळून ऱ्हातंय."
घोडे काढले. गाडी बसली, एक सुस्कारा टाकून.
तेव्हा पाना घेऊन तो पुन्हा खाली गेला.

"ट्रायल मारून या. एकटीनं नगा जाऊ,
दोन्हीकडं वजन पायजे."
सातगोंडानं हात पुसले,
सिटावर पेपर अंथरला आणि डावीकडं शिरला.
सव्वासहा फुटी माणूस.
सीट मागं घ्यायला खालचा दांडा ओढला.
पुन्हा ओढला.
रुळावरच गंजून धरली होती ती,
पार पुढं,
कुणा बुटक्या माणसाच्या मापाला.

गुडघे डॅशबोर्डला लावून तो तसाच बसला.
कळंबा येईपर्यंत गाडीचा आवाज आला नाही,
त्याचाही.